पोलीस ताफ्यातून निघालेली क्राउन व्हिक्टोरिया विकताना

आपण चार वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका काउंटीच्या लिलावातून २००८ सालची फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया पोलीस इंटरसेप्टर घेतली, कामावर जाण्यायेण्यासाठी वापरली आणि आता विकायला काढली आहे. ओडोमीटरवर १,१२,००० मैल झाले आहेत आणि गाडी रस्त्यात कधी अडलेली नाही. तरीही जाहिरात देऊन सहा आठवडे उलटले. आलेल्या फोनांपैकी निम्मे ‘वरचे दिवे आहेत का’ असे विचारणारे निघाले, आणि उरलेल्यांनी ‘पोलिसांची’ हा शब्द कानावर पडताच फोन ठेवला. त्यामुळे जाहिरातीतून पोलिसांचा उल्लेख गाळावा का, किंमत कशी ठरवावी आणि कागदपत्रांत काय सांभाळावे, असे आपण विचारले आहे. लिलावातून सुटलेल्या सरकारी ताफ्यांच्या गाड्या दुरुस्त करून विकणे हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

उल्लेख गाळू नये, हे आधी सांगतो. त्यात प्रामाणिकपणाचा भाग आहेच, पण त्याआधी व्यवहाराचा आहे, कारण ही गाडी लपणारी नाही. तिच्या विन क्रमांकातील, म्हणजे कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकातील, पाचवे ते सातवे स्थान वाचले की ‘पी७१’ असा संकेत दिसतो आणि तो फोर्डच्या पोलीस पॅकेजचा आहे, हे या गाड्यांच्या वाट्याला जाणारा कोणीही ग्राहक जाणतो. २०१० आणि २०११ च्या गाड्यांवर तो ‘पी७बी’ झाला, आणि टॅक्सी वा इतर व्यावसायिक ताफ्यांच्या गाड्यांवर ‘पी७२’ असे. शिवाय २००८ पासून क्राउन व्हिक्टोरिया सामान्य माणसाला शोरूममध्ये मिळतच नव्हती, ती फक्त ताफ्यांना विकली जात होती. म्हणजे आपली गाडी ‘एका आजोबांनी जपून वापरलेली’ असणे शक्यच नाही, आणि तसे सुचवणारी जाहिरात वाचून जाणकार ग्राहक मनातल्या मनात हसून पुढच्या जाहिरातीकडे वळतो. काही राज्यांत तर हा उल्लेख कायद्यानेच टायटलवर, म्हणजे मालकीच्या दाखल्यावर, येतो. फ्लोरिडाच्या कायद्यातील कलम ३१९.१४ नुसार पोलीस वाहन म्हणून वापरलेली गाडी, टायटलवर तसा ठळक शिक्का उमटल्याशिवाय जाणूनबुजून विक्रीला काढता येत नाही. आपल्या राज्यात तसा नियम आहे का हे डीएमव्हीकडून, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याकडून, विचारून घ्यावे, पण नसला तरी उल्लेख राहू द्यावा.

फोन ठेवणारी माणसे ‘पोलिसांची’ या शब्दाला घाबरत नाहीत, त्या शब्दापाठोपाठ काहीच माहिती येत नाही म्हणून घाबरतात. त्यांच्या डोळ्यांसमोर पाठलाग, कर्कश ब्रेक आणि फुटपाथवर चढलेली चाके येतात. प्रत्यक्षात गस्तीच्या गाडीच्या आयुष्यातील मोठा काळ इंजिन चालू ठेवून एका जागी उभे राहण्यात जातो, कारण रेडिओ, संगणक, दिवे आणि वातानुकूलन चालू ठेवायचे असते. ही उभी घटका ओडोमीटर मोजत नाही, पण इंजिन मोजते. त्यामुळे अशा गाडीची खरी जन्मपत्रिका मैलांत नसून तासांत असते, आणि आपल्या जाहिरातीत नेमके तासच नाहीत.

२००६ च्या मॉडेलपासून या गाडीच्या डॅशबोर्डात इंजिनाचे तास मोजणारे मीटर आले. आपण पाठवलेल्या फोटोत एकूण ६,१०० तास आणि त्यांपैकी इंजिन चालू ठेवून उभे राहिल्याचे २,६०० तास दिसतात. फोर्डने आपल्या पोलीस गाड्यांच्या देखभालीसाठी ढोबळ हिशेब असा दिला आहे की उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे सुमारे ३३ मैलांचा प्रवास. त्या हिशेबाने २,६०० तासांचे ८५,८०० मैल होतात, आणि ओडोमीटरचे १,१२,००० त्यांत मिळवले की इंजिनाचे वय १,९७,८०० मैलांवर जाते. हा आकडा पाहून आपल्याला धक्का बसेल, पण गुणाकार येणारा ग्राहक तो आपल्यासमोर उभा राहून काढणार आहे. तो आपण आधीच लिहिलेला असला, तर घासाघीस तिथून पुढे सुरू होते. लिहिलेला नसला, तर ती संशयापासून सुरू होते.

याच आकड्यांची दुसरी बाजूही मांडावी, कारण ती आपल्या बाजूची आहे. एकूण तासांतून उभे राहिल्याचे तास वजा केले की ३,५०० तास उरतात. १,१२,००० मैलांना त्यांनी भागले तर ताशी सरासरी ३२ मैल वेग निघतो. म्हणजे ही गाडी शहरातील गल्ल्यांत थांबत-सुटत कमी आणि काउंटीच्या मोकळ्या रस्त्यांवर जास्त धावली आहे, आणि ब्रेक, सस्पेन्शन व गिअरबॉक्स यांच्या दृष्टीने ते चांगले आहे. शिवाय ३३ मैलांचा हिशेब मुळात तेल कधी बदलावे यासाठी आहे. उभ्या गाडीत टायर झिजत नाहीत आणि डिफरन्शिअलला काम पडत नाही. झळ बसते ती इंजिनाच्या आतल्या भागांना, सील आणि माउंटिंगना, पंख्याला व अल्टरनेटरला. तेव्हा ‘ही गाडी दोन लाख मैल चाललेली आहे’ असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नये; इंजिन त्या वयाचे आहे, बाकीची गाडी नाही, एवढेच म्हणावे.

एक उदाहरण देतो. माझ्याकडे एकदा एकाच आठवड्यात दोन इंटरसेप्टर आल्या. एकीवर ९०,००० मैल होते आणि दुसरीवर १,४०,०००. ग्राहक साहजिकच पहिलीकडे ओढला जात होता. पण पहिलीचे उभे तास ३,००० च्या वर होते. दुसरी बहुधा गुप्तहेर विभागातील एखाद्या अधिकाऱ्याकडे असावी, कारण तिचे उभे तास जेमतेम ९०० होते, म्हणजे वरच्या हिशेबाने २९,७०० मैलांची भर. बेरीज केली की जास्त मैलांची गाडी कमी झिजलेली ठरत होती. दोन्ही मीटरचे फोटो शेजारी शेजारी ठेवून ग्राहकाला दाखवले तेव्हा त्याने दुसरी घेतली, आणि पहिली मला पुढे बरीच उतरवून द्यावी लागली. पी७१ म्हणजे गस्तीचीच गाडी असते असे नाही. तपास अधिकारी, पर्यवेक्षक, अग्निशमन दलाचे प्रमुख यांच्याकडेही त्या असत. आपली गाडी नेमकी कोणाकडे होती हे कळले तर जाहिरातीत एका ओळीने मोठा फरक पडतो.

ते कळण्याचा एक मार्ग बहुतेक विक्रेते वापरतच नाहीत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा सार्वजनिक नोंदींविषयीचा कायदा आहे, आणि काउंटीच्या वाहन विभागाकडील देखभालीच्या नोंदी साधारणपणे त्याखाली अर्ज करून मागता येतात. अर्जात विन क्रमांक द्यावा आणि ताफ्यातील युनिट क्रमांक ठाऊक असेल तर तोही द्यावा. हा क्रमांक पुष्कळदा डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा किल्लीच्या जुन्या बिल्ल्यावर सापडतो. सरकारी ताफ्यांत तेल ठरल्या अंतराने बदलले जाते, ब्रेक वेळच्या वेळी होतात आणि त्याची नोंद राहते, कारण तिथल्या मेकॅनिकला प्रत्येक कामाचा तास लिहून द्यावा लागतो. खासगी मालकाकडे अशी वही क्वचितच असते. मला आलेल्या अशा कागदांत एकदा गिअरबॉक्स ८०,००० मैलांवर बदलल्याची नोंद निघाली आणि त्या एका कागदाने गाडी दोन दिवसांत विकली गेली. उलटेही होते: एका गाडीच्या नोंदीत समोरून झालेल्या धडकेची दुरुस्ती निघाली, ती मला ठाऊक नव्हती, आणि मी जाहिरात बदलली.

आता गाडीच्या गुणदोषांविषयी काय लिहावे ते पाहू. ‘पोलीस इंजिन’, ‘बुलेटप्रूफ’, ‘सर्वांत वेगवान’ असले शब्द टाळावेत. इंजिन इतर क्राउन व्हिक्टोरियांप्रमाणेच ४.६ लिटरचे व्ही८ आहे, शक्ती सुमारे २५० अश्वशक्ती. फरक असतो तो आजूबाजूच्या गोष्टींत: तेल थंड करणारा स्वतंत्र कूलर, मोठ्या क्षमतेचा अल्टरनेटर, कडक सस्पेन्शन, वेगाची अचूकता तपासून दिलेले स्पीडोमीटर आणि रबरी फरशी. मागच्या धुरेचे गुणोत्तर ३.२७ आहे की ३.५५, हे दाराच्या खांबावरील लेबलमधील अ‍ॅक्सल कोडवरून ताडून लिहावे, कारण शौकीन ग्राहक पहिला प्रश्न तोच विचारतो. सस्पेन्शन कडक असल्यामुळे गाडी मऊ चालत नाही हेही लिहावे. चाचणीच्या फेरीत ते कळणारच आहे.

या गाडीविषयी बाजारात तीन जुन्या शंका फिरत असतात, त्यांची उत्तरे तयार ठेवावीत. पहिली प्लास्टिकच्या इनटेक मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात हवा पोचवणाऱ्या भागाची. तो तडकून कूलंट गळण्याची तक्रार १९९६ ते २००१ च्या गाड्यांची होती; पुढे तो भाग बदलला आणि कूलंट जिथून जाते तिथे अ‍ॅल्युमिनियम आले, त्यामुळे आपल्या २००८ च्या गाडीला ती लागू नाही. दुसरी शंका आगीची. इंधनाची टाकी मागच्या धुरेच्या मागे असल्यामुळे, रस्त्याच्या कडेला उभ्या गस्तीच्या गाडीला मागून अतिवेगाने धडक बसली की टाकी फुटून पेट घेतल्याच्या घटना घडल्या आणि त्यात पोलीस अधिकारी मृत्युमुखी पडले. त्यावर फोर्डने २००२ मध्ये पोलीस गाड्यांसाठी टाकीभोवती बसवण्याची संरक्षक कवचे देऊ केली. आपल्या गाडीखाली ती जागेवर आहेत का हे गाडी उचलून पाहावे आणि फोटो काढून ठेवावा. तिसरी गोष्ट शंका नसून रिकॉल आहे: २००५ ते २०११ च्या क्राउन व्हिक्टोरिया आणि तिच्या भावंड गाड्या फोर्डने २०१३ मध्ये परत बोलावल्या, कारण हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत स्टिअरिंगचा खालचा दांडा गंजून धोका निर्माण होत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर विन क्रमांक टाकला की एखादा रिकॉल शिल्लक आहे का ते कळते. शिल्लक असेल तर फोर्डच्या विक्रेत्याकडून विनाशुल्क करून घ्यावा आणि पावती फाइलमध्ये लावावी. मिठाच्या प्रदेशातील गाडी असेल तर फ्रेमचेही जवळून फोटो द्यावेत. या गाडीची बॉडी एका वेगळ्या, स्वतंत्र फ्रेमवर बसवलेली आहे, आणि बॉडी कितीही चकचकीत असली तरी फ्रेम कुजलेली असेल तर व्यवहार तिथेच संपतो.

आता दिवे विचारणाऱ्या फोनांकडे वळू. गाडीतून पोलिसांचा इतिहास पुसायचा नाही, पण पोलिसांचा अधिकार दाखवणारी प्रत्येक वस्तू उतरवायची, हा माझ्याकडचा पक्का नियम आहे. छतावरील दिव्यांची पट्टी, जाळीमागचे लाल-निळे दिवे, सायरनचा भोंगा, दारावरचे बोधचिन्ह यांपैकी काहीही गाडीबरोबर देऊ नये. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत कलम २७६०५ पोलिसांसारख्या रंगसंगतीच्या गाडीविषयी आणि कलम २७६०६ दिव्यांच्या पट्टीविषयी आहे. तिथे पोलिसांच्या गाडीसारखी दिसणारी गाडी चालवणेच नव्हे तर बाळगणेही निषिद्ध आहे. इतर राज्यांत नियम निरनिराळे आहेत, म्हणून गाडी दुसऱ्या राज्यातील माणसाला जाणार असेल तर त्याच्या राज्याचा नियम त्याने पाहावा, हे लेखी कळवावे. दिव्यांसाठी अधीर झालेल्या ग्राहकाशी वाद घालू नये, ‘दिवे नाहीत आणि बसवूनही मिळणार नाहीत’ एवढे सांगून फोन आवरावा. चित्रीकरणासाठी गाड्या भाड्याने देणारे किंवा जुन्या पोलीस गाड्या जतन करणारे संग्राहक यांची गोष्ट वेगळी. पण ते आपल्या सामानाची व्यवस्था स्वतः करतात आणि परवानगीची भाषा त्यांना ठाऊक असते.

ए-पिलरमधून, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेच्या खांबातून, आलेला स्पॉटलाइट मात्र मी सहसा काढत नाही. तो काढला की खांबाला भोक राहते आणि त्यातून पाणी शिरते, आणि तो या गाडीच्या शौकिनाला हवाच असतो. त्याच्या वापरावर आपल्या राज्यात काही बंधन आहे का तेवढे पाहून घ्यावे.

दारावरच्या अक्षरांचे काम सर्वांत फसवे असते. लिलावापूर्वी विभागाने दारावरची चिकटपट्टी ओरबाडून काढलेली असते आणि गाडी दिवसा स्वच्छ दिसते. पण गाडी धुऊन, पुसून, सूर्य मावळतीला टेकला असताना दाराच्या एका बाजूने तिरपे पाहावे: आजूबाजूचा रंग उन्हाने फिका झालेला असतो आणि अक्षरांखालचा रंग कोरा राहिलेला असतो, त्यामुळे ‘शेरिफ’ ही अक्षरे पाण्याखालच्या नाण्यासारखी उमटून येतात. उरलेला गोंद गरम हवेच्या यंत्राने सैल करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा, नंतर गोंद काढणारे द्रावण लावावे आणि शेवटी पॉलिश करावे. धातूची पाती वापरू नये. पॉलिश करूनही छाया पूर्ण जाईल असे नाही. थोडी राहिली तर तिचा फोटो जाहिरातीत देऊन टाकावा. संपूर्ण दार रंगवण्याचा खर्च या किमतीच्या गाडीत वसूल होत नाही. दार पांढरे आणि बाकीची गाडी काळी अशी असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे कायद्याचा प्रश्न येतो आणि दारे रंगवावीच लागतात.

छतावर अँटेनाची भोके असतील. त्यांतले रबरी बूच काही वर्षांनी कडक होतात आणि पाणी छताच्या अस्तरातून झिरपून मागच्या फरशीखाली साठते. पाण्याची नळी छतावर दहा मिनिटे सोडून रबरी फरशीच्या कडा उचलून पाहाव्यात. ओल असेल तर बूच बदलणे स्वस्त आहे, पण कुबट वास एकदा बसला की गाडीत डोकावलेला ग्राहक कारण विचारण्याचीही तसदी घेत नाही.

वायरिंगबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ‘पोलिसांच्या गाडीचे इलेक्ट्रिकल खराब असते’ ही तक्रार बहुतेक वेळा फोर्डची नसून उपकरणे उपसताना कापलेल्या वायरींची असते. रेडिओ, संगणक, कॅमेरा आणि दिव्यांच्या नियंत्रकासाठी गाडीत वायरींची दुसरी जाळी घातलेली असते, आणि लिलावाआधी उपकरणे काढणारा माणूस घाईत पक्कड चालवतो. काही वर्षांपूर्वी मी विकलेल्या एका गाडीची बॅटरी दर तिसऱ्या दिवशी उतरू लागली आणि ग्राहक परत आला. नवी बॅटरी टाकली, अल्टरनेटर तपासला, काही निघेना. शेवटी बॅटरीच्या ऋण टोकाच्या मालिकेत मल्टिमीटर जोडून, दारे बंद करून, अर्धा तास गाडीला झोपू दिले. प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत उतरायला हवा होता, मीटर ४०० च्या आसपास घुटमळत होते. एकेक फ्यूज काढत गेलो, फरक पडेना, याचा अर्थ वीज फ्यूजच्या पेटीला वळसा घालून जात होती. डिकीत, मागच्या सीटच्या पाठीमागे, गालिच्याखाली एक काळी डबी निघाली: इंजिन बंद झाल्यावरही रेडिओला काही वेळ वीज देत राहणारा टायमर. रेडिओ केव्हाच गेला होता, डबी बॅटरीच्या थेट वायरीवर जिवंत होती. वायर बॅटरीपाशीच सोडवली आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून मी ही चाचणी विक्रीआधीच करतो आणि मीटरच्या आकड्याचा फोटो ठेवतो. आपणही तेवढे करावे. चार वर्षांत बॅटरी कधी उतरली नसेल तरी करावे, कारण आपण गाडी रोज चालवत होता आणि विक्रीच्या काळात ती आठवडा-आठवडा उभी राहते.

आत बसल्यावर दोन गोष्टी नवख्याला दचकवतात. दार उघडले की आतला दिवा लागत नाही, कारण अंधारात उतरणारा अधिकारी उजेडात दिसू नये अशी ती सोय असते. आणि पुष्कळ गाड्यांत मागची दारे आतून उघडत नाहीत, मागच्या काचांची बटणे चालत नाहीत. दिव्याचे सांगून टाकले तरी पुरे. मागच्या दारांचे मात्र मी दुरुस्त करूनच देतो, मग ग्राहक काहीही म्हणो, कारण अपघातात मागे बसलेली माणसे आत अडकणे ही जबाबदारी मला माझ्या गाडीवर नको असते. दाराच्या आतले आवरण काढले की बहुतेक गाड्यांत हँडल आणि कुलूप यांना जोडणारी काडी सोडवलेली सापडते, ती पुन्हा जोडायची असते. सोपे काम आहे. मागच्या बाकाखाली साफसफाई करताना मात्र उघडा हात आत घालू नये. त्या बाकावर बसलेली माणसे खिशातले काय काय तिथे सरकवून गेलेली असतात, आणि त्यात सुयाही असू शकतात. बाक पूर्ण उचलून, जाड हातमोजे घालून, आधी विजेरीने पाहावे आणि मगच व्हॅक्युम लावावा.

किमतीविषयी लोक एक चूक हमखास करतात: जाहिरातीतल्या मागितलेल्या किमती पाहून आपली ठरवतात. न विकल्या गेलेल्या गाड्यांच्या जाहिरातीच जास्त दिवस दिसत राहतात, त्यामुळे ती यादी फुगलेली असते. पाहायचे ते झालेल्या व्यवहारांकडे. सरकारी लिलावांच्या गव्हडील्ससारख्या संकेतस्थळांवरील संपलेल्या बोल्या हा तळाचा भाव समजावा, कारण तिथे गाडी बहुधा चालवून न पाहताच घ्यावी लागते, आणि त्यावर आपण दुरुस्तीला, सफाईला व कागदांना घातलेल्या पैशांपैकी जे ग्राहकाला दिसते तेवढेच चढवावे. नवे टायर दिसतात, नवे ब्रेक पावतीवर दिसतात. आपली चार वर्षांची माया दिसत नाही. ग्राहक कोण आहे यावरही भाव हलतो. कामाला जायला स्वस्त गाडी हवी असलेला माणूस पेट्रोलचा खर्च मोजतो आणि व्ही८ पाहून मागे सरतो. डर्बीत गाड्या आदळवणारे भंगाराच्या वर फारसे देत नाहीत. चांगला भाव देतो तो शौकीन, कारण शेवटची क्राउन व्हिक्टोरिया कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या सेंट थॉमस कारखान्यातून १५ सप्टेंबर २०११ रोजी बाहेर पडली आणि कारखानाही बंद झाला. मागच्या चाकांवर चालणारी, वेगळ्या फ्रेमवरची व्ही८ सेडान त्यानंतर फोर्डने बनवलेली नाही. त्याच्यासाठी जाहिरात लिहावी: पहिल्याच ओळीत साल, पी७१, मैल, एकूण तास, उभे तास, पुढे नोंदींची फाइल, रिकॉल, गळती नाही किंवा कुठे आहे ते. आपले सहा आठवडे गेले ते चुकीच्या माणसांशी बोलण्यात. तशी जाहिरात बदलल्यावर फोन कमी येतील आणि त्यांतले बरेच कामाचे असतील. एवढे करूनही तीन आठवड्यांत कोणी गाडी पाहायला आले नाही तरच किंमत उतरवावी, आणि उतरवायची तर एकदाच ठळक उतरवावी. दर चार दिवसांनी पन्नास डॉलर कमी करणारा विक्रेता अडलेला दिसतो.

चाचणीची फेरी दिवसा द्यावी, परवाना पाहून आणि स्वतः बरोबर बसून. गाडी आधी गरम करून ठेवू नये. थंड इंजिन सुरू होताना ऐकण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि आधीच गरम केलेले बॉनेट हाताला लागले की जाणकार माणूस तिथूनच परततो. त्याला आपल्या मेकॅनिककडून तपासून घ्यायचे असेल तर खुशाल घेऊ द्यावे, खर्च त्याचा.

कागदपत्रे. २०११ पासूनच्या मॉडेलना ओडोमीटरचे लेखी प्रकटन २० वर्षे द्यावे लागते, असा संघराज्याचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. २०१० आणि त्याआधीच्या गाड्यांना जुनी १० वर्षांची मर्यादा असल्याने आपली २००८ ची गाडी त्यातून सुटलेली आहे. तरीही विक्रीपत्रावर मैल लिहावेत, आणि शेजारी इंजिनाचे तासही लिहून दोघांनी सही करावी. ‘जशी आहे तशी’ हे वाक्य घालावे, मात्र ते न दिसलेल्या दोषांपासून वाचवते, सांगितलेल्या खोट्यापासून नाही. टायटलवर ग्राहकाचे नाव आपल्या डोळ्यांसमोर भरले गेल्याशिवाय सही करू नये. कोरे टायटल घेऊन गाडी पुढे विकणारे दलाल या गाड्यांभोवती पुष्कळ असतात, आणि मधल्या काळात त्या गाडीने टोल चुकवला किंवा अपघात केला की पत्र आपल्या घरी येते. मालकी सोडल्याची सूचना डीएमव्हीला त्याच दिवशी द्यावी. कॅलिफोर्नियात त्यासाठी ५ दिवसांची मुदत आहे, पण मुदतीची वाट पाहण्याचे कारण नाही. नंबरप्लेट आपल्याकडे ठेवायची की गाडीबरोबर द्यायची हे राज्यावर अवलंबून आहे. काचेवरचा टोलचा ट्रान्सपाँडर मात्र सगळीकडेच काढून घ्यावा. प्लेट आणि सूचना यांचा निकाल लागल्यावरच विमा बंद करावा, आदल्या रात्री नाही. पैसे रोख असतील तर बँकेत मोजून घ्यावेत, आणि बँकेचा धनादेश असेल तर तो ज्या बँकेने काढला तिच्याच शाखेत खरा ठरवून घ्यावा. आपण वर्षाला एखादी गाडी विकत असाल तर खासगी विक्रेताच राहता. पण हा छंद वाढून बारा महिन्यांत पाच गाड्या झाल्या की संघराज्याचा वापरलेल्या गाड्यांचा नियम आपल्याला व्यापारी समजतो आणि काचेवर खरेदीदारासाठीचे माहितीपत्रक लावावे लागते. राज्यांची परवान्याची मर्यादा त्याहून कमीही असते.

राहिली किल्ली. पोलीस ताफ्यांना एकाच किल्लीने सगळ्या गाड्या उघडाव्यात अशी सोय फोर्ड मागणीनुसार देत असे, म्हणजे आपल्या काउंटीच्या कुठल्या तरी जुन्या गाडीची किल्ली आजही आपल्या गाडीला लागू शकते. किल्लीच्या मुठीत चिप नसेल, ती नुसती धातूची साधी पट्टी असेल, तर ही शक्यता गंभीरपणे घ्यावी. कुलूपवाल्याकडून प्रज्वलनाचे आणि दाराचे सिलिंडर बदलून दोन नव्या किल्ल्या करून घ्याव्यात आणि ती पावतीही फाइलमध्ये लावावी. हा खर्च करायचा नसेल तर किमान ग्राहकाला ही गोष्ट आपल्या तोंडून सांगावी आणि विक्रीपत्रावर एका ओळीत नोंदवावी.